स्प्रे मारण्याआधी: एका जुन्या पोर्टास्टुडिओचे फेडर

कुडाळजवळच्या एका गावातले भजनी बुवा त्यांचा टॅस्कम २४४ पोर्टास्टुडिओ घेऊन माझ्याकडे पुण्याला आले, तेव्हा तक्रार एका ओळीची होती. मशीन सगळं चालतंय, फक्त फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी, हलवला की खरखरतंय. जुन्या ॲनालॉग यंत्रांबद्दल ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि तिच्या पाठोपाठ 'एक स्प्रे मारून द्या' ही सूचनाही येते. बुवांनीही तेच सुचवलं. मी म्हटलं, "बुवा, मशीन माझ्याकडे राहू द्या. खरखर नक्की कुठून येते ते आधी बघतो, मग हात लावतो." निघताना ते म्हणाले, "ह्येच्यात माझो आवाज आसा, झिला. सांबाळून खोल."

ते शब्दशः खरं होतं. टॅस्कम हा टीॲक कंपनीचा ब्रँड. तिने १९७९ साली १४४ नावाचा पहिला पोर्टास्टुडिओ काढला, त्याच्यापाठोपाठ १९८२ साली हा २४४ आला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करायचे आणि त्याच डब्यातल्या मिक्सरवर त्यांचं मिश्रण करायचं, ही सोय १४४ येईपर्यंत घरी कुणाकडेच नव्हती. साधा टेपरेकॉर्डर सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालतो आणि कॅसेटच्या प्रत्येक बाजूचे दोन ट्रॅक वापरतो. २४४ त्याच्या दुप्पट वेगाने, साडेनऊ सेंटिमीटरने चालतो आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतो. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटंच बसतात, आणि ती कॅसेट साध्या टेपमध्ये घातली की दोन ट्रॅक रेंगाळत वाजतात, बाजू पलटली की उरलेले दोन उलटे वाजतात. शिवाय वरून डीबीएक्सचं नॉइज रिडक्शन, म्हणजे टेपची सरसर दबावी म्हणून आवाज आवळून रेकॉर्ड करायची पद्धत, तेव्हा ते उलगडणारं सर्किटही हवंच. बुवांकडे डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यांच्या, ऐन भरातल्या काळात रेकॉर्ड केलेल्या, मिक्स न झालेल्या कॅसेटींची पेटी आहे. एका ट्रॅकवर पखवाज, एकावर हार्मोनियमची पेटी, एकावर झांज आणि कोरस, एकावर बुवा. ती कॅसेटींची पेटी उघडायची किल्ली म्हणजे हे मशीन, आणि त्यात घातलेले फेडर आज कुठल्याही दुकानात नवे मिळत नाहीत. मूळचेच वाचवायचे होते.

फेडरची रचना तशी सोपी आहे. इन्सुलेटिंग पट्टीवर कार्बनचा एक लांबट थर असतो, तो रोधाचा ट्रॅक. त्याला समांतर धातूची एक पट्टी असते. वर बोटाने सरकवायच्या दांडीला आतल्या बाजूला 'वायपर' असतो, म्हणजे पितळी रंगाच्या, केसाएवढ्या बारीक बोटांची जोडी. तिचं एक टोक कार्बनवर आणि दुसरं धातूच्या पट्टीवर टेकलेलं असतं. आवाजाचा सिग्नल ट्रॅकच्या एका टोकाला येतो आणि वायपर जिथे असेल तिथून उचलला जातो. महागड्या स्टुडिओ डेस्कवर, म्हणजे मोठ्या मिक्सरवर, कार्बनऐवजी कंडक्टिव्ह प्लास्टिकचे ट्रॅक आणि मौल्यवान धातूंचे अनेक बोटांचे वायपर असत. पेनी अँड जाइल्स ही इंग्लंडमधली कंपनी मूळची विमानांच्या उपकरणांसाठी असे पोटेन्शिओमीटर (बदलत्या रोधाचे घटक) बनवणारी, पुढे तिचेच फेडर जगभरच्या स्टुडिओंत गेले. त्याआधीच्या जमान्यात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या ईएमआय कंपनीच्या डेस्कवर पेंटनचे कमानीत फिरणारे क्वाड्रंट फेडर होते, बीबीसीच्या कित्येक डेस्कवर तर आवाज वाढवायला फेडर स्वतःकडे ओढावा लागे. मला हा सगळा इतिहास मनापासून आवडतो, कारण प्रश्न तेव्हाही हाच होता: बोटाची हालचाल आवाजात उतरली पाहिजे, पण मधला स्पर्श ऐकू येता कामा नये.

पहिलं काम ऐकायचं. मी चॅनेलला इलेक्ट्रॉनिक तानपुरा जोडला. अखंड, एकसारख्या स्वरात फेडरचा प्रत्येक दोष उघडा पडतो, गाण्यात तो लपतो. कानाला हेडफोन लावून प्रत्येक फेडर तळापासून टोकापर्यंत अगदी सावकाश नेला, मग परत आणला. त्यानंतर तानपुरा काढून, इनपुट रिकामं ठेवून तीच हालचाल पुन्हा केली. या दोन चाचण्यांमधला फरक फार बोलका असतो.

खरखर एका जातीची नसते. सगळ्या लांबीवर कुरकुर येते आणि चार-सहा वेळा खालीवर केल्यावर थोडी मऊ होते, ती धुळीची आणि मळाची. दर वेळी नेमक्या एकाच जागी आवाज तुटत असेल तर तिथे कार्बन झिजलेला असतो. दांडी किंचित आडवी दाबली की आवाज जातो आणि सोडली की येतो, तेव्हा संशय वायपरच्या बोटांवर किंवा काळवंडलेल्या धातूच्या पट्टीवर घ्यावा. फेडरला हात न लावता पॅनेलवर टिचकी मारली तरी कडकड होत असेल तर फेडर निर्दोष आहे, सोल्डरचा डाग, म्हणजे जोड, सुटलाय. आणि इनपुटला काहीही जोडलेलं नसताना, फेडर हलवताना जोरात चरचर येत असेल, तर तो वेगळाच आजार आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

बुवांच्या मशीनमध्ये यातले तीन प्रकार एकत्र नांदत होते. पखवाज आणि पेटीच्या चॅनेलला मळ. बुवांच्या आवाजाच्या चॅनेलला मळ होताच, शिवाय वरच्या तिसऱ्या भागात एका जागी आवाज गपकन तुटत होता. गजर चढताना बुवांचा आवाज हाताने वर उचलायचा, ही त्यांची पद्धत, त्यामुळे तो फेडर वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात खालीवर झाला होता. उरलेल्या चौथ्या, झांज आणि कोरसच्या, चॅनेलला मात्र इनपुट रिकामं असतानाही चरचर होती. मास्टर, म्हणजे सगळ्या चॅनेलचा एकत्रित फेडर, जड, चिकट चालत होता.

मशीन प्लगमधून काढलं, पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज उतरू दिला आणि मगच खोललं. फेडरच्या टोप्या स्क्रूड्रायव्हरने उचकटणं मला पाहवत नाही. पॅनेलला ओरखडा उठतो आणि दांडी वाकते. त्याऐवजी टोपीच्या खालून जाड सुती दोऱ्याचा फास घालायचा, दोन्ही टोकं एकत्र धरून सरळ वर ओढायचं. टोपी अलगद हातात येते. टोप्या साबणाच्या कोमट पाण्यात टाकल्या, पाणी लगेच चहासारखं झालं. स्क्रू ज्या जागचा त्या जागी राहावा म्हणून मी पुठ्ठ्यावर मशीनची बाह्यरेषा काढून त्यातच स्क्रू खोचतो. फोटो काढतोच, पण पुठ्ठ्याची सवय सुटत नाही.

फेडरच्या फटीतून आत दिसत होता तपकिरी, चिकट लगदा. कोणीतरी, केव्हातरी, कुलूप-बिजागऱ्यांना मारतात तसला गंजाचा स्प्रे यात सोडला होता. असा स्प्रे मारल्यावर काही दिवस फेडर लोण्यासारखा चालतो, म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो. प्रत्यक्षात तो मूळचं ग्रीस विरघळवून ट्रॅकवर आणतो आणि मागे तेलाचा थर ठेवतो. त्या थरावर धूळ बसते. बुवांच्या घरी मशीन देवघराच्या खोलीत असायचं, म्हणजे उदबत्ती आणि धुपाची काजळीही आलीच, वर कोकणातली दमट खारी हवा. अशा मिश्रणात वायपरची बोटं रुतून बसतात आणि कार्बनवर ते सगळं घासलं जातं. सॉल्व्हंटच्या धारेने हा लगदा बाहेर पडत नाही, फक्त कोपऱ्यांत सरकतो. फेडर बोर्डावरून उतरवून उघडण्याला पर्याय नव्हता.

जुने बोर्ड एका बाजूने तांबं असलेले असतात, आणि उष्णता जास्त झाली की तांब्याची चकती पट्टीसकट उचलून येते. त्यामुळे आधी प्रत्येक डागावर थोडं नवं शिशाचं सोल्डर घातलं, म्हणजे जुनं वितळायला मदत होते. मग पंपाने ओढून घेतलं, राहिलेलं तांब्याच्या वेणीने टिपलं, आणि फेडरचा प्रत्येक पाय भोकात मोकळा डुलतोय याची खात्री झाल्यावरच तो उचलला. घाईने ओढायचं नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही. फेडरच्या पत्र्याच्या अंगाला चार जिभा वाकवून तळपट्टी धरलेली असते. त्या जिभा एकदा सरळ करून परत वाकवता येतात, वारंवार केलं तर तुटतात. म्हणून उघडल्यावर जे करायचं ते त्याच बैठकीत पुरतं करायचं.

उघडलेला फेडर मी दहापटीच्या भिंगाखाली ठेवतो. बुवांच्या आवाजाचा फेडर असा पाहिला तेव्हा काळ्या कार्बनवर दोन चकचकीत समांतर रेघा दिसल्या, वायपरच्या दोन बोटांच्या चाकोऱ्या. खालच्या भागात त्या जेमतेम उमटलेल्या. वर जिथे गजर चढायचा तिथे रुंद आणि खोल, आणि एका जागी एका रेघेत कार्बन जाऊन खालची पट्टी तांबूस दिसत होती. तो ठिपका मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढाही नसेल. पण आवाज तुटायची जागा तीच.

सफाईला मी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. बुधवार पेठेत मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं नको, त्यात पाणी असतं. हँड सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी प्लास्टिक आणि कार्बनचा बांधक दोन्ही खराब होतात. पत्र्याचं अंग आणि रुळ ब्रशने मोकळेपणाने धुतले. ट्रॅकवर मात्र चष्म्याच्या मऊ कापडाची पट्टी बांबूच्या चपट्या काडीला गुंडाळून, अल्कोहोलने ओलसर करून, एकाच दिशेने, वजन न देता फिरवली. कापड काळं झालं की नवी पट्टी. पहिल्यांदा तपकिरी येतं, मग करडं येतं. करड्याच्या पुढे जायचं नाही, कारण तिथून पुढे मळ संपून कार्बन निघायला लागतो. कानकोरण्याच्या कापसाचे तंतू वायपरमध्ये अडकतात, म्हणून तो टाळतो. खोडरबर किंवा पॉलिश पेपर कार्बनजवळ आणायचाच नाही.

वायपरच्या बोटांखालून जाड, गुळगुळीत कागदाची ओली पट्टी सरकवून काढली, दोन्ही बाजूंनी. धातूच्या पट्टीवर चांदीचा मुलामा काळा पडलेला असतो, तिच्यावर डीऑक्सिटचं डी मालिकेतलं द्रावण काडीच्या टोकाने लावून पुसून घेतलं. ते धातूच्या संपर्कांसाठी आहे. कार्बनसाठी आणि कंडक्टिव्ह प्लास्टिकसाठी त्यांचीच वेगळी एफ मालिका येते, आणि या दोन्हींची अदलाबदल करू नये.

झिजलेल्या जागेवर नवा कार्बन भरायचे प्रयोग लोक करतात, मला त्यांचा भरवसा वाटत नाही. त्याऐवजी एक जुनी युक्ती आहे. ट्रॅकची रुंदी चाकोरीपेक्षा बरीच जास्त असते. वायपरची बोटं लाकडी टूथपिकने अगदी किंचित, केसभर, बाजूला कलवली तर ती कोऱ्या कार्बनवर चालायला लागतात. दोन्ही बोटं सारखीच कलवायची आणि दाब बदलू द्यायचा नाही. हे करताना मी श्वास रोखून धरतो, कारण बोट मुळाशी तुटलं तर फेडर गेलाच. भिंगाखाली दांडी सरकवून पाहिली, बोटं जुन्या रेघांच्या कडेने, स्वच्छ काळ्यावरून जात होती.

मग ग्रीस. फेडरला जो तो छान, जडसर, एकसारखा सरकण्याचा गुण असतो तो ट्रॅकचा नसतो, रुळांवरच्या दाट ग्रीसचा असतो. मास्टर चिकट चालत होता कारण तिथलं ग्रीस वाळून मेण झालं होतं. प्लास्टिकला न खाणारं सिंथेटिक ग्रीस टूथपिकच्या टोकावर घेऊन फक्त रुळांना लावलं, खालीवर करून पसरवलं, उरलेलं पुसून टाकलं. सिलिकॉनचं ग्रीस मी इथे वापरत नाही, ते पसरत पसरत संपर्कापर्यंत पोहोचतं. ट्रॅकवर एफ मालिकेतलं द्रावण एक थेंब, तेही कापडाने पसरून जवळजवळ पुसून घेतलेलं.

बंद करण्याआधी मल्टिमीटर. या कामाला मी मुद्दाम काटा असलेला जुना मीटर वापरतो. डिजिटल मीटर आकडे बदलण्यात गुंतलेला असताना क्षणभराची तूट लपून जाते, काटा मात्र लगेच थरथरतो. एक प्रोब वायपरला, एक ट्रॅकच्या टोकाला, आणि दांडी सावकाश. काटा न अडखळता चढला पाहिजे. मध्यावर मूल्य निम्मं नाही म्हणून घाबरू नये. जपानी फेडरवर छापलेलं 'ए' म्हणजे लॉग, कानाला सम वाटावं अशी चढण, त्यात मधोमध एकूण रोधाच्या साधारण १० ते २० टक्केच भरतात. 'बी' असेल तर निम्मं. मास्टर स्टिरिओ असल्याने त्याच्या दोन्ही बाजू ताडून पाहिल्या, दोन्हींची चढण जुळत होती.

सगळे फेडर बसवून मशीन चालू केलं. पखवाज आणि पेटी स्वच्छ. बुवांच्या चॅनेलवर तानपुरा तळापासून टोकापर्यंत अखंड. मास्टर हाताला नव्यासारखा. चौथा चॅनेल मात्र, इनपुट रिकामं ठेवूनही, पहिल्यासारखाच चरचरत होता.

आता येतो तो वेगळा आजार. फेडरच्या आधी आणि नंतर कपॅसिटर असतात. ऑडिओ जाऊ द्यायचा आणि सर्किटचं डीसी (एकाच दिशेचा स्थिर विद्युतदाब) अडवायचं, हे त्यांचं काम. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे झाले की थोडंथोडं डीसी गळू लागतं, ते ट्रॅकवर येऊन बसतं. वायपर कितीही स्वच्छ असला तरी सरकताना त्याचा स्पर्श सूक्ष्म प्रमाणात तुटत-जुळत असतोच. एरवी ते ऐकू येत नाही. ट्रॅकवर डीसी असलं की त्यातला प्रत्येक बारीक धक्का पुढच्या ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि चरचर होते. असे फेडर कितीतरी ठिकाणी पुन्हा पुन्हा स्प्रे मारून शेवटी बदलले जातात, आणि नवा फेडरही तसाच वाजतो. फेडर निर्दोष असतो आणि शिक्षा त्याला होते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तपासणं अगदी सोपं आहे. मशीन चालू, इनपुट रिकामं, मीटर डीसी मिलिव्होल्टवर, काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब फेडरच्या वरच्या पायाला. बाकीच्या चॅनेलवर काटा शून्याशी होता. चौथ्यावर १८० मिलिव्होल्ट. सर्किटची आकृती समोर ठेवून मागचा कपॅसिटर शोधला, काढला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा चांगल्या जातीचा नवा बसवला, अधिक-उणे टोकं पाहून. पुन्हा मोजलं तर जेमतेम दोन मिलिव्होल्ट. फेडर वर नेला, खाली आणला. शांत. त्याच वयाचे जोडीदार कपॅसिटर उरलेल्या चॅनेलवरही होते, तेही बदलून टाकले. एकदा बोर्ड उघडा आहे तर हे काम पुढे ढकलण्यात अर्थ नसतो.

बुवा परत आले ते एक कॅसेट घेऊनच. मशीनला लावली, डीबीएक्स चालू केलं, आणि त्यांनी स्वतः चारही फेडर हाताखाली घेतले. पखवाज आला, पेटी आली, झांज आली. गजर चढत गेला तसा त्यांचा अंगठा आपोआप आवाजाच्या फेडरवर गेला आणि त्या जुन्या जागेवरून वर सरकला. आवाज कुठेही तुटला नाही. बुवांनी कॅसेट थांबवली नाही, पंधरा मिनिटं संपेपर्यंत मिक्स करत राहिले. मग म्हणाले, "झांज जरा कमी होयी होती." म्हणजे आता त्यांना यंत्र ऐकू येत नव्हतं, भजन ऐकू येत होतं.

मशीन देताना त्यांच्या मुलाला काही गोष्टी बजावून सांगितल्या. देवघराच्या खोलीतून हलवा. वर सुती कापड घाला, प्लास्टिक नको, त्यात पावसाळ्यात वाफ कोंडते. कॅसेटींच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओलावल्या की बदला. वापर नसला तरी पंधरा-वीस दिवसांनी मशीन बंद ठेवून प्रत्येक फेडर पूर्ण लांबीवर दहाबारा वेळा फिरवा. खरखर परत आली तर आधी इनपुट काढून ऐका आणि मला फोन करा, बाटली उचलू नका. आता त्या पेटीतल्या कॅसेटी एकेक करून संगणकावर घ्यायच्या आहेत, चारही ट्रॅक वेगवेगळे. त्याआधी हेड आणि टेप ओढणारा पिंच रोलर बघायला मशीन पुन्हा एकदा माझ्याकडे येणार आहे.